तीन फुटांच्या फरकावर जगलेलं गाव : कुर्डुवाडी

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. सवड काढून वाचा. विषय आपल्या कुर्डुवाडी जंक्शनचा आहे.

लातूर, बार्शी, पंढरपूर, सांगोला या पट्ट्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला कुर्डुवाडीचं नाव सांगून बघा. तो हमखास एकच वाक्य बोलणार, "तिथं गाडी बदलावी लागायची." गावाची एवढीच ओळख. कुणी कुर्डुवाडीला जात नव्हतं, सगळे कुर्डुवाडीवरून जात होते. पण जाताना थांबत होते, आणि त्या थांबण्यावरच हे गाव वाढलं. आता थांबायची गरज उरली नाही. मग गावाचं काय, हा प्रश्न आहे. तो नीट समजायचा तर दीडशे वर्षांहून मागं जावं लागतं.

मुळात गाव म्हणजे कुर्डू. माढा तालुक्यातलं, शेतीवर जगणारं, जुनं गाव. त्याची वाडी ती कुर्डुवाडी. चार घरं, थोडी कोरडवाहू जमीन, ज्वारी आणि मेंढरं, असं इथल्या कुठल्याही वाडीचं असतं तसंच. या वाडीत वेगळं काही नव्हतं. फक्त मुंबईहून मद्रासकडं जाणाऱ्या लोहमार्गाची आखणी तिच्या अंगावरून गेली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपले आजोबा जिला जीआयपी म्हणायचे ती कंपनी. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्या सहा-सात वर्षांत रूळ आपल्याकडं आले. ऑक्टोबर १८५९ मध्ये भीमेकाठच्या डिकसळपासून इथपर्यंत आणि १८६० मध्ये पुढं मोहोळ, सोलापूरपर्यंत. म्हणजे सत्तावनच्या बंडाचा धुरळा पुरता खाली बसला नव्हता, तेव्हा या माळावर इंजिनाची शिट्टी वाजली होती.

पण कंपनीनं स्टेशनला नाव काय दिलं? कुर्डुवाडी नाही. नाव दिलं 'बार्शी रोड'. साहेबाची पद्धतच होती. मोठं गाव लाइनीपासून लांब पडलं की जवळच्या स्टेशनला त्या गावाचं नाव लावायचं आणि पुढं 'रोड' जोडायचं. मतलब सरळ, इथं उतरा आणि रस्त्यानं तिकडं जा. बार्शी इथून एकवीस मैल, म्हणजे सुमारे चौतीस किलोमीटर. कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. भगवंताचं देऊळ असलेलं, पैसेवाल्या व्यापाऱ्यांचं गाव. त्या गावाला रेल्वेनं बगल दिली. मग काय, बार्शीचा माल बैलगाड्यांनी एकवीस मैल हाकत बार्शी रोडला आणायचा आणि इथं वाघिणीत भरायचा. कुर्डुवाडीला स्वतःचं नाव नव्हतं, पण काम मिळालं होतं.

असं जवळजवळ चाळीस वर्षं चाललं.

आता एका इंग्रज माणसाची ओळख करून घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७ चा. इंग्लंडमध्ये इंजिनांच्या कारखान्यात शिकलेला, १८८२ साली जीआयपी रेल्वेत नोकरीला आला. त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. रुंद रुळांची मोठी लाइन प्रत्येक पेठेला नेणं कंपनीला परवडणार नाही. पण अरुंद, हलकी, स्वस्त लाइन टाकली तर आडबाजूचा माल मुख्य लाइनीला आणता येईल. ओढ्यानं नदीला पाणी आणावं तसं. आणि प्रयोगासाठी त्याला जागा दिसली ती आपली बार्शी.

१८९५ मध्ये लंडनला 'बार्शी लाइट रेल्वे' नावाची कंपनी नोंदली गेली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. मुख्य लाइनीचं साडेपाच फूट. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या तीन फुटांच्या फरकाची आहे.

कॅलथ्रॉपची हुशारी वजनाच्या हिशोबात होती. त्यानं नियम घातला, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही. इंजिन असो नाहीतर वाघीण, भार सगळ्या चाकांवर सारखा वाटायचा. तसं केलं की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च निम्म्यानं उतरतो आणि तरी गाडी भरपूर माल ओढते. वाघिणी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या, स्वतःचं वजन कमी आणि पोटात माल जास्त. भारतात पाठवण्याआधी १८९६ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून त्यानं या गाडीची चाचणी घेतली. जगभरातल्या अरुंद रेल्वेच्या अभ्यासकांना बार्शीचं नाव माहीत आहे ते या कामामुळं. आपल्यालाच ते फारसं माहीत नाही.

१८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. साल बघा. दख्खनमध्ये दुष्काळ, पुण्या-मुंबईत प्लेग. अशा वर्षात ही छोटी गाडी पहिल्यांदा धावली.

आणि त्या दिवशी आपलं स्टेशन जंक्शन झालं.

जंक्शन म्हणजे नेमकं काय झालं, ते हमालाच्या जागी उभं राहून बघायला पाहिजे. छोट्या लाइनीची वाघीण मोठ्या लाइनीवर चालत नाही, मोठीची छोटीवर चालत नाही. त्यामुळं जे काही येईल ते इथं उतरायचं आणि परत चढायचं. कापसाची गाठ असो, शेंगांचं पोतं असो, गुळाची ढेप असो की रॉकेलचा डबा असो. एका बाजूला अरुंद रूळ, दुसऱ्या बाजूला रुंद, मधे फलाट. या वाघिणीतून पाठीवर घ्यायचं, फलाट ओलांडायचा, त्या वाघिणीत थप्पी लावायची. दिवसभर, रात्रभर. फाटलेली पोती शिवायची, मोजायची, नोंदवायची. हमाल आले, त्यांचे मुकादम आले, मोजणीचे कारकून आले.

माणसांचंही तेच. मुंबईचा मेल मध्यरात्री टेकणार आणि बार्शीची गाडी पहाटे सुटणार. मधले चार तास काय करायचं? चहा प्यायचा. भजी खायची. बिस्तरा पसरून फलाटावर आडवं व्हायचं. मग चहाची दुकानं आली, खानावळी आल्या, टांगे आले, लॉज आले. गाड्या हाकायला ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, सांधेवाले, गँगमन आले. त्यांच्यासाठी चाळी आणि क्वार्टर आले, पोरांसाठी शाळा आल्या. वाडीचं गाव झालं, गावाला नगरपालिका आली. आज माढा तालुक्याची पंचायत समिती आणि प्रांत कचेरी माढ्यात नाही, कुर्डुवाडीत आहे. त्यामागं हे जंक्शन आहे.

थोडक्यात, जगासाठी जी अडचण होती ती आपल्यासाठी भाकरी होती.

१९०६ मध्ये ही छोटी लाइन दुसऱ्या अंगाला पंढरपूरला पोचली. मग तर कुर्डुवाडी हे विठोबाच्या वाटेवरचं दारच झालं. मुंबई, खानदेश, वऱ्हाड, कर्नाटक, कुठूनही रेल्वेनं येणारा वारकरी इथं उतरणार, छोट्या गाडीत बसणार. आषाढी-कार्तिकीला आत जागा नाही म्हणून माणसं टपावर. गाडी चढाला लागली की इतकी हळू व्हायची, की माणूस उतरून आडोशाला जाऊन यायचा आणि परत चढायचा, असं जुनी माणसं हसत सांगतात. आपल्याकडं रेंगाळणाऱ्या माणसाला 'बार्शी लाइट' म्हणायचे ते उगाच नाही.

१९११ मध्ये लाइन निजामाच्या मुलखातल्या लातूरला गेली. १९२७ मध्ये पंढरपूरहून पुढं मिरजेला. लातूर ते मिरज, सगळी मिळून दोनशे दोन मैलांची, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरची अडीच फुटी लाइन, आणि बरोबर मधे कुर्डुवाडी. इंजिनं आणि डबे दुरुस्त करणारं वर्कशॉपही इथंच उभं राहिलं. भोंगा झाला की गाव उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. फिटर, टर्नर, लोहार, सुतार, खलाशी अशी पिढ्यान् पिढ्यांची कारागिरी या वर्कशॉपनं तयार केली. शेतकऱ्याच्या पोराला पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला तो इथं. आपल्या भागात, जिथं पाऊस आला तर आला, तिथं दर महिन्याला येणारा पगार ही काय चीज होती, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही.

१ जानेवारी १९५४ ला सरकारनं ही कंपनी विकत घेतली आणि बार्शी लाइट मध्य रेल्वेत गेली. लंडनच्या मालकाची लाइन आपली झाली. रूळ मात्र अडीच फुटीच राहिले, आणखी जवळजवळ पन्नास वर्षं.

इथं थोडं इंग्लंडला जाऊन येऊ, कारण याच माणसानं हाच प्रश्न तिकडं वेगळ्या तऱ्हेनं सोडवला.

बार्शीची लाइन यशस्वी झाल्यावर कॅलथ्रॉपला मायदेशातही काम मिळालं. स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी लाइन १९०४ मध्ये सुरू झाली. रूळ अडीच फुटीच, बांधणी बार्शीच्याच धर्तीची. तिथं वॉटरहाउसेस नावाचं एक लहान खेडं आहे. १९०५ पासून मोठी लाइन आणि छोटी लाइन तिथं एकमेकींना भेटायची. म्हणजे त्यांची कुर्डुवाडीच म्हणा. पण तिथं कॅलथ्रॉपनं काय केलं? छोट्या लाइनीसाठी खास सपाट गाडे बनवले, आणि मोठ्या लाइनीची अख्खी वाघीण मालासकट त्या गाड्यावर चढवली. पोतं उतरवायचं नाही, चढवायचं नाही.

एकच इंजिनिअर, एकाच मापाचे रूळ. तिकडं वाघीण गाड्यावर चढली, इकडं पोतं हमालाच्या पाठीवर चढलं. माझा तर्क असा, की इकडं पाठ स्वस्त होती. वर्षभर पाणी शोधणाऱ्या मुलखात दोन आण्यांसाठी ओझं उचलायला माणसं रांगेत उभी होती, तिथं यंत्र कोण कशाला आणेल? त्यामुळं जंक्शननं गावाला भाकरी दिली हे म्हणताना ती कुणाच्या कण्यावर भाजली गेली, तेही म्हटलं पाहिजे. रेल्वेच्या इतिहासात कॅलथ्रॉपचं नाव आहे. त्या हमालांपैकी कुणाचं नाव आहे? माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

ती इंग्लंडातली लाइन फार चालली नाही. तीस वर्षांत, १९३४ मध्ये बंद पडली. पण तिची वाट त्यांनी जपली. रूळ काढले आणि त्या जागी चालायची, सायकलची वाट केली. लोक मुद्दाम तिथं फिरायला जातात. तीस वर्षं चाललेल्या लाइनीसाठी त्यांनी एवढं केलं. आपली शंभर वर्षांवर चालली.

आता आपल्या रुंदीकरणाकडं येतो. पहिल्यांदा पंढरपूर, मग लातूरची बाजू, शेवटी २०१० पर्यंत मिरज. टप्प्याटप्प्यानं अडीच फुटी रूळ उखडले आणि साडेपाच फुटी टाकले. लातूरकडं जाताना जुनी लाइन धाराशिव शहराला टाळून येडशीवरून जायची. नवी लाइन वळवून धाराशिवला नेली. जिल्ह्याच्या गावाला त्यामुळं पहिल्यांदा रेल्वे मिळाली.

काही जण म्हणतात, रुंदीकरणानं कुर्डुवाडी बुडवली. मला हे मान्य नाही. सांगतो का.

एप्रिल २०१६ आठवा. लातूरच्या नळाला पाणी नव्हतं. लोक घागरी घेऊन रात्र रात्र बसत होते, टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. १२ एप्रिलला पहाटे ती लातूरला पोचली. नंतर पन्नास वाघिणींची गाडी लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा तिचा रस्ता. नकाशा काढून बघा. कॅलथ्रॉपच्या जुन्या लाइनीचं एक टोक ते दुसरं टोक. रूळ अडीच फुटीच राहिले असते तर मोठ्या लाइनीच्या त्या वाघिणी लातूरपर्यंत गेल्याच नसत्या. पोतं पाठीवर घेऊन पलीकडं नेता येतं, पाणी कसं नेणार?

तसंच सांगोल्याच्या डाळिंबाचं. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली. सांगोला म्हणजे जुन्या छोट्या लाइनीवरचंच स्टेशन. माल मधे कुठं उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवायचा नाही, फळाला धक्का नाही. आज लातूरचा माणूस रात्री गाडीत झोपतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. आषाढीला नागपूर, अमरावतीची म्हातारी माणसं थेट पंढरपूरला जातात. अपरात्री बोचकं घेऊन कुर्डुवाडीच्या फलाटावर कुडकुडत बसावं लागत नाही. आपल्या गावचा धंदा चालावा म्हणून त्यांनी कुडकुडत बसावं, असं कोण म्हणेल?

त्यामुळं तक्रार रुंदीकरणाची नाही. तक्रार ही आहे, की अडचण गेली तेव्हा त्या अडचणीवर उभ्या असलेल्या गावाचं पुढं काय, हा विचार कुणी केला नाही. धरण बांधताना निदान बुडणाऱ्या गावाचं पुनर्वसन हा शब्द तरी कागदावर असतो. जंक्शनचं काम गेलं तर पुनर्वसन नावाची गोष्टच नाही. हमालाचं काम गेलं, खानावळ बंद झाली, टांगेवाल्याची रिक्षा झाली आणि तिचंही भाडं घटलं. यातलं काहीच एका दिवसात झालं नाही, म्हणून ती बातमीही झाली नाही. मी इतकी वर्षं बातम्या लिहितो. अपघाताची बातमी होते, हळूहळू उतरत जाणाऱ्या गावाची होत नाही.

राहिलं ते वर्कशॉप. छोट्या लाइनीचं काम संपल्यावर त्याचं काय होणार, ही टांगती तलवार इथल्या कामगारांनी वर्षानुवर्षं डोक्यावर वागवली. वर्कशॉप वाचावं म्हणून मोर्चे निघाले, निवेदनं गेली, प्रत्येक निवडणुकीत त्यावर भाषणं झाली. आता बघा, जुन्या लाइनीच्या एका टोकाला लातूरला रेल्वे डब्यांचा नवा मोठा कारखाना झाला. २०१८ ला भूमिपूजन झालं. आनंद आहे, मराठवाड्याला तो पाहिजेच होता. पण त्याच लाइनीच्या मधोमध, जिथं पिढ्यान् पिढ्या डबे आणि वाघिणी हाताळणारी माणसं आहेत, त्या कुर्डुवाडीला सुट्या भागांचं, दुरुस्तीचं, पोरांना शिकवायचं काम का देता येऊ नये? हा प्रश्न खासदार-आमदारांना विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. येत्या सभेला हार घालायच्या आधी विचारा.

दुसरी गोष्ट इतिहासाची, आणि ती आपल्या हातातली आहे. तिला निधी लागत नाही.

कुर्डुवाडीत आणि बार्शीत, चाळींतून, जुन्या वाड्यांतून, अजून बार्शी लाइटची आठवण पडून आहे. आजोबाचं नोकरीचं पुस्तक, पितळी बिल्ला, कंदील, पगाराची चिठ्ठी, पुठ्ठ्याचं तिकीट, वर्कशॉपच्या गेटसमोर उभं राहून काढलेला ग्रुप फोटो. दिवाळीच्या साफसफाईत यातलं बरंच भंगारात जातं. पितळ किलोवर विकलं जातं, कागद रद्दीत. इंग्लंडात बार्शीच्या इंजिनांवर लिहिणारे लोक आहेत, त्यांना पाच टनी आसाचा हिशोब तोंडपाठ आहे. पण ते इंजिन कोळसा घालून चालवणारा माणूस कुठल्या गल्लीत राहत होता, हे त्यांना कधी कळणार नाही. ते फक्त आपल्याला माहीत आहे, आणि आपल्यातलेही माहीत असणारे आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून विनंती आहे. घरात असं काही असेल तर विकू नका, टाकू नका. मोबाइलवर फोटो काढा आणि या पोस्टखाली टाका. सोबत नाव, काम आणि साल आठवेल तेवढं लिहा. घरातलं कुणी हमाली करत होतं, वर्कशॉपमध्ये होतं, गँगमध्ये होतं, फलाटावर चहा विकत होतं, तर त्यांना समोर बसवा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि बोलू द्या. दर किती मिळायचा, पोतं किती किलोचं असायचं, रात्रपाळीला काय खायचे, संप कधी झाला, हे विचारा. आणि स्टेशनात एखादी रिकामी खोली या सगळ्यासाठी मिळावी, दारावर 'बार्शी रोड' हे जुनं नाव लिहिलेलं असावं, यासाठी आपण रेल्वेकडं रीतसर अर्ज करू. सह्या गोळा करायची जबाबदारी माझी. रविवारी सकाळी दहाला स्टेशनसमोर मी वही घेऊन उभा असेन.

तिथं एखादी यादी लागलीच, तर त्यात कॅलथ्रॉपसाहेबाचं नाव असेलच. त्याच्या खाली हमालांची नावं लिहायची आहेत. ती पुस्तकात सापडत नाहीत. तुमच्या घरातूनच यायला हवीत.